आधी कोणते पेडल, मग कोणते?

रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून मुरूडपर्यंत, आगरी आणि कोळी वस्त्यांत हळद असली की बेंजो वाजतोच. एका हाताने कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, असे हे वाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी १९१२ साली ते ‘ताइशोगोतो’ या नावाने तयार केले. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झाले आणि आपल्या किनाऱ्यावर ‘बेंजो’. पुढे त्याच्या तारांखाली पिकअप बसला, आवाज वर्धकातून म्हणजे अँप्लिफायरमधून जाऊ लागला आणि लाकडी पेटीतले नाजूक वाद्य मिरवणुकीतही ऐकू येऊ लागले.

बेंजोचे हे विजेवरचे रूप आणि बास गिटार ही एकाच जातीची वाद्ये आहेत. दोन्हींत पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावते. फरक एवढाच, की बेंजो चाल वाजवितो आणि बास गिटार तिला खर्जाचा पाया देते. एखाद्या पथकात किंवा गावच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार हाती घेणारा मुलगा थोड्याच दिवसांत दुकानात जातो. तेथे पायाने दाबायची रंगीबेरंगी पेडले मांडलेली असतात. एकेकाची किंमत काही हजार रुपये! मग दोन प्रश्न उभे राहतात. यांपैकी कोणती घ्यावीत? आणि घेतली तर कोणत्या क्रमाने जोडावीत?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘अमका असे जोडतो म्हणून’ असे दिले जाते. पण या क्रमामागे शाळेतले गणित आणि भौतिकशास्त्र आहे. ते समजले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे मिळते. पैसेही वाचतात.

तार ते वर्धक

प्रथम मूळ संकेत कसा तयार होतो ते पाहू. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार हलली, की गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि गुंडाळीत विद्युत् दाब निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युत् चुंबकीय प्रवर्तन ते हेच. तार सेकंदाला ५५ वेळा हलली, तर विद्युत् दाबही सेकंदाला ५५ वेळा वरखाली होतो. दर सेकंदाच्या या कंपनांना कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्‌झमध्ये मोजतात.

चार तारांच्या बास गिटारच्या मोकळ्या तारांची कंप्रता अशी असते :

ई – ४१.२ हर्ट्‌झ
ए – ५५ हर्ट्‌झ
डी – ७३.४ हर्ट्‌झ
जी – ९८ हर्ट्‌झ

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्‌झपासून ऐकू येते. म्हणजे बास गिटार श्रवणाच्या अगदी तळमजल्यावर राहते. हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे पदोपदी त्यांची गरज लागणार आहे.

पण तारेतून एकच कंप्रता निघत नाही. ५५ बरोबर ११०, १६५, २२०, २७५ असे त्याचे गुणकही कमीअधिक जोराने निघतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो तिचा पाचवा गुणक होय. आपले गवई अशा स्वरांना ‘स्वयंभू स्वर’ म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की हे स्वर फुलून येतात. एका अर्थी तो धागा म्हणजे विजेशिवाय चालणारे पेडलच!

दोन कामे, दोन क्रम

तांदूळ धुऊन शिजविणे आणि शिजवून धुणे, यांत कामे तीच दोन आहेत; पण भात एकाच रीतीने होतो. उलट, आमटीत आधी मीठ घातले काय आणि आधी गूळ घातला काय, चवीत फरक पडत नाही. पेडलांचेही असेच आहे. काही जोड्यांत क्रमाला महत्त्व आहे, काहींत नाही. कोणत्या जोड्यांत आहे, ते आकड्यांनी पाहू.

समजा, संकेताची तीन मूल्ये २, ८ आणि २० आहेत. आपल्याकडे दोन यंत्रे आहेत. पहिले यंत्र आकडा दुप्पट करते. दुसरे यंत्र १० पेक्षा मोठ्या आकड्याची छाटणी करून तो १० वर आणते.

आधी दुप्पट, मग छाट : ४, १०, १०.
आधी छाट, मग दुप्पट : ४, १६, २०.

यंत्रे तीच, संकेत तोच. उत्तरे मात्र वेगळी. आता छाटणाऱ्या यंत्राऐवजी तिप्पट करणारे यंत्र घ्या. आधी दुप्पट मग तिप्पट, किंवा आधी तिप्पट मग दुप्पट, उत्तर १२, ४८, १२० असेच येईल.

केवळ ठरावीक प्रमाणात लहानमोठे करणाऱ्या, बेरीज करणाऱ्या किंवा ठरावीक वेळ थांबवून पुढे सोडणाऱ्या क्रियांना रेषीय क्रिया म्हणतात. अशा दोन क्रियांची अदलाबदल केली तरी चालते. म्हणून इक्वलायझर आणि साधा डिले यांचा क्रम बदलला, तर कानाला फारसा फरक कळत नाही. पण साखळीत एखादी अरेषीय क्रिया आली, म्हणजे छाटणारी, दाबणारी किंवा मोजणारी, की क्रम बदलताच आवाज बदलतो. सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे.

छाटणीतून नवे स्वर

छाटणारे पेडल म्हणजे डिस्टॉर्शन किंवा फझ. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवीत होते. ध्वनिमुद्रण यंत्रातील एक वर्धक बिघडला आणि बासचा आवाज एकदम खरखरीत झाला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने मग तोच बिघाड हेतुपुरस्सर करणारे ट्रान्झिस्टरचे मंडल बनविले आणि १९६२ साली ते ‘माइस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. बासच्या तारेवर घडलेल्या अपघातातून पेडलांचा हा सारा संसार उभा राहिला.

गुळगुळीत लाटेचा माथा छाटला, की ती चौकोनी दिसू लागते. चौकोनी लाट म्हणजे मूळ स्वर अधिक त्याचे बरेच स्वयंभू स्वर. वरचा आणि खालचा माथा सारखाच छाटला, तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम गुणक वाढतात. छाट असमान असेल, तर दुसरा, चौथा असे सम गुणकही येतात. म्हणजे छाटणीने आधी नसलेल्या कंप्रता निर्माण होतात. रेषीय क्रिया हे कधीही करू शकत नाही.

आता एकाऐवजी दोन स्वर एकदम छाटले तर? ५५ आणि ९८ घ्या. समान छाटणीने त्यांच्यातून ९८ ची दुप्पट वजा ५५, म्हणजे १४१, आणि ५५ ची दुप्पट अधिक ९८, म्हणजे २०८, असे नवे स्वर जन्मतात. ते ना ५५ चे गुणक, ना ९८ चे. कानाला ते परके आणि कर्कश वाटतात. पण ५५ आणि ८२.५ ही षड्ज-पंचमाची जोडी घ्या. तीच आकडेमोड केली, तर ११० आणि १९२.५ मिळतात. हे दोन्ही आकडे २७.५ चे पूर्ण गुणक आहेत आणि मूळचे दोन स्वरही २७.५ चेच गुणक आहेत. म्हणून षड्ज-पंचम डिस्टॉर्शनमधूनही सुसंवादी राहतात. इतर बहुतेक जोड्या बिघडतात.

यावरून एक नियम निघतो : डिले डिस्टॉर्शनच्या नंतर ठेवावा. आधी ठेवला, तर मागच्या स्वराचा प्रतिध्वनी आणि नवा स्वर एकत्र छाटले जातात आणि दोघांची खिचडी होते. नंतर ठेवला, तर छाटलेल्या एकेका स्वराचा स्वच्छ प्रतिध्वनी मिळतो.

खर्ज जातो कोठे?

गिटारसाठी बनविलेले डिस्टॉर्शन पेडल बासला लावले, की आवाज पातळ होतो, असा अनुभव येतो. याचे कारण पेडलातील एका छोट्या कपॅसिटरमध्ये सापडते. संकेत एका कपॅसिटरमधून आत येतो आणि पुढे रोधक असतो. ही जोडी कमी कंप्रतेला अडविते. कोणत्या कंप्रतेखाली अडविते, ते या सूत्राने कळते :

सीमा-कंप्रता = १ ÷ (२ × ३.१४ × रोध × धारणा)

रोध ४७,००० ओहम आणि धारणा ०.०१ मायक्रोफॅरड असेल, तर सीमा सुमारे ३३९ हर्ट्‌झ येते. अशा मंडलातून ई तारेचा ४१.२ हर्ट्‌झचा मूळ स्वर जेमतेम एक-अष्टमांश उरतो! त्याच जागी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला, तर सीमा ३४ हर्ट्‌झच्या आसपास येते आणि तोच स्वर तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त टिकतो. दोन कपॅसिटरांच्या किमतीत नगण्य फरक, परिणामात जमीनअस्मानाचा.

म्हणून बाससाठी डिस्टॉर्शन घेताना त्यावर ‘ब्लेंड’ लिहिलेली कळ आहे का, ते पाहावे. अशा पेडलात संकेताचे दोन वाटे होतात. एक छाटला जातो, दुसरा जसाच्या तसा जातो, आणि शेवटी दोहोंची बेरीज होते. खर्ज एका वाटेने सुखरूप पोचतो आणि धार दुसऱ्या वाटेने येते.

येथे एक नवलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मिरवणुकीतल्या लहान कर्ण्यांतून ५५ हर्ट्‌झचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. पण ११०, १६५, २२०, २७५ हे त्याचे गुणक स्पष्ट ऐकू आले, तर मेंदू त्यांच्यातील समान अंतरावरून ५५ हा स्वर ओळखतो आणि तो ‘ऐकू येतो’. त्यामुळे छोट्या ध्वनिवर्धकांवर वाजविणाऱ्याला थोडे डिस्टॉर्शन खरोखर उपयोगी पडते. मोठे बासचे खोके असणाऱ्याला ते केवळ आवडीपुरते.

आता क्रम लावू

१. ट्यूनर. हा स्वराची कंप्रता मोजतो. मोजायचे तर मूळ संकेत मोजावा, म्हणून तो सर्वांत आधी.

२. ऑक्टेव्ह. हे पेडल खालच्या सप्तकातला स्वर तयार करते. त्याच्या जुन्या प्रकारात एक मंडल लाटा मोजते आणि दर दोन लाटांमागे एकच लाट बाहेर सोडते. ९८ चे ४९ होतात. मोजणीत गोंधळ नको असेल, तर त्याला एका वेळी एकच स्वर आणि तोही स्वच्छ मिळाला पाहिजे. म्हणून हेही आरंभीच. मात्र ई तारेवर ते लावले, तर ४१.२ चे २०.६ होतात, म्हणजे श्रवणाची सीमाच! अशा स्वराने ध्वनिवर्धकाचा पडदा हलतो, कानाला मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही. हे पेडल वरच्या तारांसाठी आहे, असे समजावे.

३. एन्व्हलप फिल्टर. तार जोराने छेडली, की याचे दार उघडते आणि ‘वाव’ असा बोल निघतो. जोर कळण्यासाठी त्याला मूळ चढउतार हवेत. म्हणून ते काँप्रेसरच्या आधी.

४. काँप्रेसर. हा मोठे आवाज दाबतो आणि लहानांना वर उचलतो. बासचा प्रत्येक स्वर सारख्या वजनाने येतो. तो डिस्टॉर्शनच्या आधी असला, तर छाटणीही सारखी होते. नंतर ठेवला, तर डिस्टॉर्शनने वाढविलेली खरखर तो आणखी वर उचलतो. काही वादक तो ऑक्टेव्हच्याही आधी ठेवतात. त्यामुळे लाटा मोजणाऱ्या मंडलाला स्वर अधिक वेळ स्थिर मिळतो. हेही शास्त्राला धरूनच आहे. फक्त मग फिल्टरला चढउतार मिळत नाहीत, हे जाणून घ्यावे.

५. डिस्टॉर्शन.

६. इक्वलायझर. छाटणीत जन्मलेले स्वर आता कमीजास्त करता येतात. छाटणीआधी ठेवला, तर काय छाटावे ते ठरते. नंतर ठेवला, तर छाटून आलेल्यातले काय ऐकवावे ते ठरते. दोन्ही उपयोग खरे आहेत.

७. कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. खोलीत वाजविलेला आवाज भिंतींवर आदळतो, तो सर्वांत शेवटी. निसर्गातला हाच क्रम येथे पाळावा. बासला रिव्हर्ब बेताचाच द्यावा. खर्ज लांबला, की तालाचे ठोके एकमेकांत मिसळतात.

गुणगुण आणि अलिबागचा धडा

घरातील वीज ५० हर्ट्‌झची. पिकअपची गुंडाळी आसपासच्या तारांतून येणारे हे चुंबकीय क्षेत्रही पकडते आणि गुणगुण ऐकू येते. समजा, संकेत १०० मिलिव्होल्ट आणि गुणगुण १ मिलिव्होल्ट आहे. प्रमाण शंभरास एक. डिस्टॉर्शनने दोन्ही वीसपट केले आणि ५०० मिलिव्होल्टवर छाट मारली. संकेत ५०० वर अडला. वाजविणे थांबताच ऐकू येणारी गुणगुण मात्र २० झाली. प्रमाण पंचविसास एक!

ही गुणगुण चाळून काढता येणार नाही का? बासच्या बाबतीत नाही. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्‌झचा आहे. ५० काढायला जावे, तर तो स्वरही जातो. म्हणून गुणगुण मुळातच रोखली पाहिजे. उलटसुलट गुंडाळलेल्या दोन गुंडाळ्यांचा पिकअप वापरावा. त्यात तारेचे संकेत मिळतात आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना छेदते. जाळीचे आवरण असलेली चांगली केबल घ्यावी आणि वीजपुरवठ्याच्या खोक्यापासून वाद्य दूर ठेवावे.

रायगडच्या किनाऱ्याला हा धडा जुना आहे. मुंबईत विजेवरच्या ट्रॅम येणार, असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, हे शास्त्रज्ञांनी ओळखले. नोंदींतून ट्रॅमचा परिणाम वजा करीत बसण्यापेक्षा त्यांनी जागाच बदलली. १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. विजेवरची ट्रॅम मुंबईत १९०७ साली धावली. संकेत बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा तो बिघडू न देणे चांगले, हा नियम पेडलांनाही लागू आहे.

गुणगुण थांबविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन कधीही काढू नये. तारा धातूच्या, हात घामाने ओले आणि पायांखाली ओली वाळू, अशा वेळी ती पिनच जीव वाचविते. मांडवात किंवा जनित्रावर वाजविताना अर्थिंग नीट आहे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला आहे, याची जाणत्या वायरमनकडून खात्री करून घ्यावी. खाऱ्या, दमट वाऱ्याने प्लग-जॅकवर गंज चढतो आणि खरखर सुरू होते. काम झाल्यावर ते कोरड्या फडक्याने पुसून ठेवावेत.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात. पण मधले टोक ऋण की धन, ते खोक्यावर पाहून मगच जोडावे. सर्व पेडलांच्या मिलिअँपिअरची बेरीज करावी. पुरवठा त्याहून जास्त देणारा असावा.

थोड्या पैशांत काय घ्यावे?

पहिला खर्च चांगली केबल आणि ट्यूनर यांवर करावा. बेसूर बास कोणत्याही पेडलाने सुरात येत नाही. दुसरा काँप्रेसर, कारण ताल धरणाऱ्याला समान वजनाचा स्वर हवा असतो. तिसरे ब्लेंड असलेले डिस्टॉर्शन, विशेषतः लहान कर्ण्यांवर वाजवायचे असेल तर. बाकीची पेडले हौसेची. ती घेण्याआधी मित्राचे मागून आणावे, आपल्या साखळीत दोन-तीन ठिकाणी लावून ऐकावे आणि मगच ठरवावे.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य प्रोग्रॅम घ्या. त्यात ५५ आणि ९८ हर्ट्‌झचे दोन स्वर तयार करा. दोन्हींची तीव्रता ०.४ ठेवा.

(अ) दोन्ही एकत्र मिसळा आणि मग त्यावर डिस्टॉर्शनची क्रिया करा.
(आ) प्रत्येकावर वेगवेगळी डिस्टॉर्शनची क्रिया करा आणि मग मिसळा.

दोन्ही आवाज ऐका. नंतर प्रत्येकाचा वर्णपट काढून १४१ आणि २०८ हर्ट्‌झला शिखर दिसते का, ते पाहा. हाच प्रयोग ५५ आणि ८२.५ घेऊन पुन्हा करा. आवाज आरंभी लहान ठेवावा.

विचार करा

१. एक यंत्र आकड्यात ३ मिळविते आणि दुसरे तो दुप्पट करते. यांचा क्रम बदलला, तर उत्तर बदलेल का? २, ८, २० घेऊन पडताळा.

२. डी तारेवर ऑक्टेव्ह पेडल लावले, तर कोणती कंप्रता मिळेल? ती ऐकू येईल का?

३. रोध ४७,००० ओहमच ठेवून सीमा-कंप्रता ए तारेच्या मूळ स्वराइतकी करायची आहे. कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा हवा?

४. दोन पेडले दिली आहेत, पण त्यांच्यावरची नावे पुसली गेली आहेत. त्यांपैकी एखादे अरेषीय आहे की नाही, हे केवळ क्रम बदलून आणि ऐकून तुम्ही कसे ओळखाल? फरक ऐकू आला नाही, तर दोन्ही रेषीयच आहेत, असे खात्रीने म्हणता येईल का?